पौर्णिमा मॅडमचा तंबू

पिशवीतून तंबू बाहेर निघाला तेव्हा मुली हसल्या. नुसतं पातळ कापड, मूठभर खुंट्या आणि दोऱ्यांचं भेंडोळं. खांब नाहीत, कमानी नाहीत.

“मॅडम, खांब टाकाचे इसरले वाटते त्याईनं,” आकांक्षा म्हणाली.

“इसरले नाहीत. खांब तुह्या हातात हाय,” पौर्णिमा म्हणाली आणि तिच्या हातातली चालायची काठी काढून घेतली.

अमरावतीच्या त्या मुलींच्या कॉलेजात पौर्णिमा गावंडे खेळाची शिक्षिका होती. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गप्पा छाटणाऱ्या पोरी दचकून रांगेत याव्यात. तरुणपणी ती विद्यापीठाच्या खो-खोच्या संघात होती. लग्न जमता जमता राहिलं, मग वडील गेले, मग धाकटा भाऊ किशोर नोकरीसाठी हैदराबादेला गेला, आणि साईनगरातल्या घरात ती आणि तिची आई पार्वताबाई अशा दोघी उरल्या. आता तिची पंचेचाळिशी उलटली होती. गेल्या दोन वर्षांत चेहरा ओढल्यासारखा झाला होता. स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या तिची मान कलायची. शिपाई आवाज न करता कप ठेवून जायचा, आणि जाग आल्यावर तो थंड चहा तसाच पिऊन ती पुढच्या तासाला निघायची.

तंबू एका जुन्या विद्यार्थिनीनं पाठवले होते. ती आता डोंगरात भटकणाऱ्यांसाठी सामान बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात कामाला होती. ‘मॅडम, तुम्ही आम्हाला चिखलदऱ्याला सतरंजीवर झोपवलं होतं, आताच्या पोरींना यात झोपवा,’ असा तिचा निरोप होता. एक तंबू दोन लिटर दुधाहून हलका भरला असता. वजन वाचवायचं म्हणूनच त्याचे खांब काढून टाकलेले होते. चढताना हातात ज्या दोन काठ्या धरायच्या, त्याच मुक्कामाला पोचल्यावर तंबूत उभ्या करायच्या, एक दाराशी आणि एक पाठीमागे.

“तो घुमटासारखा तंबू असते न, तो आपल्या आपण उभा राहते,” पौर्णिमानं मुलींना सांगितलं. “हा नाही राहत. हा सगळा दोऱ्यांच्या ताणावर हाय. एक दोरी सुटली की काठी कलली, आणि काठी कलली की घर अंगावर.”

कॉलेजच्या मैदानाच्या कडेला अस्सल काळी माती होती. थंडी सरता सरता तिला भेगा पडायला लागल्या होत्या. पहिल्या दिवशी मुलींनी खुंट्या ठोकल्या आणि त्या बोटानं ओढल्या तरी मऊ भातातून चमचा निघावा तशा निघून आल्या. पौर्णिमानं त्यांना भेगा सोडून जागा शोधायला लावली. खुंटी सरळ नाही ठोकायची, तिचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं पाहिजे. पार मातीत जाईपर्यंत ठोकायची आणि वर दगड ठेवायचा. तंबूची पाठ वाऱ्याकडे. आधी चार कोपरे सैल सैल लावून घ्यायचे, मग काठी उभी करायची, मग दारापुढची आणि पाठीमागची अशा दोन मोठ्या दोऱ्या ताणायच्या, आणि त्यानंतर परत एकदा चारी कोपरे.

“परत काहून? एकदा लावले न,” आकांक्षानं विचारलं.

“कारण काठी वर गेली की कापड सगळीकडून ओढल्या जाते. आणि संध्याकाळी दव पडलं की हे कापड ओलं होऊन ढिलं पडते. झोपाच्या आधी एक फेरी मारून सगळ्या दोऱ्या ताणाच्या. रोज. कंटाळा आला तरी.”

आकांक्षा बडबडी आणि घाईची होती, तिचा तंबू सगळ्यांआधी उभा व्हायचा आणि सगळ्यांआधी पडायचा. माहेनूर तिच्या उलट. ती अंजनगाव सुर्जीची, अमरावतीत मावशीकडे राहून शिकत होती. तिच्या अब्बांचं अंजनगावात कापडाचं दुकान होतं. ती एक शब्द न बोलता दोरीची गाठ घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. पौर्णिमानं शिकवलेली गाठ मागे सरकवली की दोरी ताणली जायची आणि सोडली तरी निसटायची नाही. ती गाठ माहेनूरला पहिल्याच दिवशी जमली आणि पुढे तिनंच बाकीच्या मुलींना शिकवली.

आठवडाभर रोज संध्याकाळी हा सराव चालला. सराव संपला की मुली ऑटोत कोंबून घरी जायच्या. पौर्णिमा मात्र स्कूटी सुरू करून दोन मिनिटं तशीच बसून राहायची. घरी जायचं असायचं, पण हात हलायचा नाही.

पार्वताबाईंना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायच्या, मग गॅस चालू राहायला लागला, मग एके दिवशी पौर्णिमाला त्या “मनकर्णा” म्हणून हाक मारायला लागल्या. मनकर्णा ही पार्वताबाईंची थोरली बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दिवसा त्या बऱ्या असायच्या. अंधार पडला की मात्र त्यांच्या जिवाला घोर लागायचा. माहेरचा पानमळा आठवायचा, त्याला पाणी सोडायचं राहिलंय असं वाटायचं. मग त्या लुगड्याचा काष्टा आवळून दाराची कडी शोधत फिरायच्या.

“मनकर्णे, ऊठ न व. पाणी सोडाचं हाय. बाबा कावतीन.”

पौर्णिमा उठायची, त्यांना पाणी पाजायची, पाठीवर हात फिरवून निजवायची. डोळा लागतो न लागतो तो परत कडीचा आवाज. एकदा त्या खरंच बाहेर पडल्या होत्या आणि दूधवाल्यानं त्यांना बडनेऱ्याच्या रस्त्यावरून परत आणलं होतं. तेव्हापासून पौर्णिमा दारापुढे आडवी चटई टाकून निजायची. निजायची म्हणजे पडायची. शेजारची जमुनाबाई दिवसा येऊन बसायची, स्वयंपाकाला हातभार लावायची, पण रात्र सगळी पौर्णिमाची होती.

किशोर दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. “आई बरी दिसते की,” म्हणायचा. पौर्णिमा “हो” म्हणायची.

शिबिराचं ठरलं तेव्हा तो येणार होता. तीन दिवस आईजवळ राहीन असं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“ताई, ऑफिसात ऑडिट लागलं ग. अजिबात सुटी नाही देऊन राहिले. तू शिबिर पुढच्या महिन्यात नाही का ढकलू शकत?”

“पुढच्या महिन्यात पोरींची परीक्षा हाय.”

“मग दुसऱ्या कोणाला पाठव न.”

दुसरं कोणी नव्हतंच. सोबत येणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेच्या मुलाला त्याच सकाळी कांजिण्या निघाल्या होत्या आणि ती येणार नव्हती. तेव्हाच शिबिर रद्द करायला हवं होतं. पण मुलींनी आठवडाभर मैदानात गुडघे खरचटून घेतले होते, बस ठरली होती, आणि कुणाला काही समजावून सांगण्याइतकंही बळ तिच्या अंगात नव्हतं. रद्द करण्यापेक्षा जाणं सोपं होतं.

जमुनाबाई म्हणाली, “तुमी जा बाई. मी निजतो इथंच. माह्या घरी कोण वाट पाहून राहिलं माही?”

“दाराशी चटई टाकजा.”

“टाकतो. जा तुमी.”

परतवाडा ओलांडून बस घाटाला लागली तेव्हा मुली गात होत्या. पौर्णिमा खिडकीच्या दांडीला कपाळ टेकून बसली होती. प्रत्येक वळणाला कपाळ दांडीवर आपटायचं, पण मान सरळ करायचं तिच्या मनात येत नव्हतं. मोथा गावाच्या पुढे, पठारावर, मोतीराम नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत होतं. हरभरा काढून झालेला, कडेला त्याचं घर, घरात तो आणि त्याची बायको. दरवर्षी कॉलेजच्या मुलींना तो आनंदानं जागा द्यायचा. त्यानं विहिरीचं पाणी काढून ठेवलं होतं आणि गाई दुसरीकडे बांधल्या होत्या.

“पाऊस नाही न येणार, मोतीरामभाऊ?” पौर्णिमानं विचारलं.

मोतीरामनं पश्चिमेकडे पाहिलं. “ढगं त हायेत जी. पण काल बी होते, अन् गेले तसेच.”

इथली जमीन मैदानासारखी नव्हती. वर चार बोटं माती आणि खाली मुरूम. खुंटी दगडावर आदळून वाकायची. पौर्णिमा एकेका तंबूपाशी जाऊन बसली. जिथं खुंटी आत जाईना तिथं तिनं दोरीला आडवी काटकी बांधून तिच्यावर जड दगड रचायला शिकवलं. वारा पठारावरून मोकळा येत होता, म्हणून एकात एक सरकणाऱ्या काठ्या थोड्या आखूड करून तंबू ठेंगणे लावले, म्हणजे कापडाची खालची कड जमिनीला टेकेल आणि वारा आत शिरणार नाही. काठीचा पेच घट्ट आवळला का, हे तिनं प्रत्येक काठीवर अंगाचा भार टाकून पाहिलं. आकांक्षाचा तंबू तिनं दोनदा पाडायला लावला.

“मॅडम, उभा हाय न पण!”

“आता उभा हाय. वारा आल्यावर पाहू.”

सगळ्या मुलींचे तंबू लागले तेव्हा उन्हं कलली होती. मग तिनं स्वतःचा काढला.

तो तिनं कसाबसा लावला. चार कोपरे ठोकले, त्यातल्या एका खुंटीला खाली दगड लागला आणि ती अर्धी वरच राहिली. काठ्या उभ्या केल्या, पेच हातानं फिरवला पण भार टाकून पाहिला नाही. दारापुढची दोरी लावली. पाठीमागची दोरी हातात घेतली आणि खुंटी कुठं टाकली ते तिला आठवेना. ती शोधायला वाकली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. दोरी तिथंच गवतात पडू दिली. चुकतंय हे तिला कळत होतं. उठल्यावर करू, असं ती मनाशी म्हणाली.

“माहेनूर, मी जराशी पडतो. अर्ध्या तासानं उठव मले. तोवर कोणी विहिरीकडे जाऊ नका.”

“हो मॅडम.”

आत गेल्यावर तिनं बूटसुद्धा काढले नाहीत. पाठीवरची पिशवी डोक्यापाशी उभी केली आणि तिच्या आडोशाला कुशीवर झाली. बाहेर मुली चुलीसाठी दगड मांडत होत्या, मोतीरामची बायको त्यांना काहीतरी सांगत होती. इतक्या जवळून माणसांचे आवाज येत होते आणि त्यातला एकही तिला हाक मारत नव्हता. तेवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

पुढचं तिला मुलींकडून कळलं, तेही तुकड्या तुकड्यानं, कारण प्रत्येकीला आपलाच भाग आधी सांगायचा होता.

अर्धा तास व्हायच्या आतच वारा फिरला. पश्चिमेकडून धूळ उठली, लांबच्या झाडांचे शेंडे एकदम झुकले आणि मोतीराम घरातून ओरडत आला, “पोरीहो, आत व्हा, आत व्हा!” मुली जवळच्या तंबूंत शिरल्या. मग गारा. बोराएवढ्या, टपटप नव्हे तर सलग, पत्र्यावर धान्य ओतावं तशा. आकांक्षा आणि माहेनूर एका तंबूत होत्या. काठी थरथरत होती. आकांक्षा तिला दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि रडत रडत देवाची नावं घेत होती. माहेनूरही पुटपुटत होती. कापड एकदा पोट ओढून घेतल्यासारखं आत यायचं, एकदा फुगायचं. पण खुंट्या धरून होत्या.

गारा थांबल्या आणि नुसता पाऊस राहिला तेव्हा माहेनूरनं दाराची चेन थोडी उघडून बाहेर पाहिलं. शेत पांढरं झालं होतं. मुलींचे तंबू उभे होते. आणि मॅडमचा तंबू नव्हता. जिथं तो होता तिथं ओलं कापड जमिनीला चिकटून पसरलेलं, एका बाजूला मागची काठी तिरकी वर आलेली, आणि कापडाखाली माणसाचा उंचवटा. तो हलत नव्हता.

“मी त ओरडलीच,” आकांक्षानं नंतर सांगितलं. “मले वाटलं, गेल्या मॅडम.”

दोघी धावल्या. पायाखाली गारा फुटत होत्या. माहेनूरनं गुडघ्यांवर बसून कापडाची कड उचलली. पुढच्या काठीचा पेच सरकून ती आपल्यातच मिटली होती. पण मागची काठी आणि ती उभी पिशवी यांच्यामध्ये कापड अडकून डोक्यावर पोकळी राहिली होती. त्या पोकळीत पौर्णिमा मॅडम गालाखाली हात घेऊन निजल्या होत्या. तोंड थोडं उघडं होतं आणि त्या चक्क घोरत होत्या.

“मॅडम! मॅडम!” आकांक्षानं खांदा हलवला. पौर्णिमानं डोळे न उघडता “हो आई, आली,” असं म्हटलं आणि पुन्हा कुशीवर झाली.

माहेनूरनं आकांक्षाचा हात धरला. “थांब.”

“थांब काय? आजारी असतीन त?”

माहेनूरनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तोवर मोतीरामची बायको पोतं डोक्यावर घेऊन आली होती. तिनं वाकून पौर्णिमाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मनगट हातात धरलं, डोक्याला कुठं लागलं का ते केसांतून बोटं फिरवून पाहिलं.

“काही झालं नाई इले. थकली हाय बाई. निजू द्या.”

“इथं? ह्या ओल्यात?” आकांक्षा म्हणाली.

“मंग घर बांधा न तिच्याभोवती. आलं न तुमाले बांधता?”

तेव्हा सगळ्या मुली बाहेर आल्या. दोघींनी पौर्णिमाच्या अंगावर मोतीरामच्या घरची घोंगडी टाकली, पायांतले बूट काढले, खालची ओली चादर हळूच ओढून कोरडी सरकवली. बाकीच्यांनी कापड दोन्ही बाजूंनी उचलून धरलं. माहेनूरनं पुढच्या काठीचा पेच दातओठ खाऊन आवळला आणि काठी उभी केली. आकांक्षानं गवतात चाचपून पाठीमागची दोरी शोधली. जमीन आता ओली झाली होती, खुंटी आत जायची पण धरायची नाही, म्हणून तिनं खुंटीऐवजी आडवी फांदी घेतली, वीतभर खोल चर खणून ती त्यात पुरली आणि वर मोतीरामच्या बांधावरचा दगड लोटत आणून ठेवला. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एकमेकींना खुणा करत होत्या. कोपरे परत एकदा ताणून झाल्यावर माहेनूरनं सगळ्या दोऱ्यांवर बोट मारून पाहिलं.

एकेक करून त्या आळीपाळीनं मॅडमजवळ बसल्या. जेवण मोतीरामच्या घरात झालं. मॅडमसाठी खिचडी झाकून ठेवली होती, ती सकाळी गाईला घातली.

पौर्णिमाला जाग आली ती पाखरांच्या कालव्यानं. पहिल्यांदा तिनं कडीचा आवाज आला का म्हणून कान दिला. मग वर पाहिलं. राखी रंगाचं कापड, ताणलेलं, एकही सुरकुती नाही. हा तंबू आपण लावलेला नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. शेजारी माहेनूर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. दाराच्या फटीतून उजेड येत होता आणि तो संध्याकाळचा नव्हता.

ती ताडकन उठून बसली. “किती वाजले?”

माहेनूर दचकली. “सकाळ झाली मॅडम.”

पाऊस, गारा, पडलेला तंबू, सगळं ऐकता ऐकता पौर्णिमानं घाईनं बूट चढवले. ती बाहेर आली, एकेका तंबूपाशी जाऊन मुली मोजल्या, नावं घेऊन पुन्हा मोजल्या. मग ती मोतीरामच्या बांधावर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“काहून नाही उठवलं मले?” ती ओरडली. आवाज फाटला होता. “काही झालं असतं तुम्हाले, त मी काय तोंड दाखवलं असतं तुमच्या घरी? तुमी मले सांभाळाले आल्या का मी तुमाले?”

मुली खाली माना घालून उभ्या राहिल्या. आकांक्षा रडायच्या बेतात होती. मग माहेनूरच म्हणाली, “आमी उठवलं होतं मॅडम. तुमी ‘आली आई’ म्हटलं अन् परत झोपल्या.”

पौर्णिमाचा राग टिकला नाही, तेवढं बळच नव्हतं. खरं तर अंगातून बरंच काहीतरी उतरून गेल्यासारखं वाटत होतं, भूक लागली होती, आणि या हलकेपणाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. मोतीरामच्या बायकोनं न विचारता तिच्या हातात भाकर आणि चटणी ठेवली. ती तिनं बांधावर बसूनच खाल्ली.

फोनला रेंज नव्हती. शेताच्या वरच्या टोकाला जाऊन तिनं जमुनाबाईला फोन लावला.

“बऱ्या हायेत आजी. काल तिनीसांजेले उठल्या कडी काढाले. मी म्हटलं, चाला, दोघी जाऊ पानमळ्यात. अंगणात दोन चकरा मारल्या, पाणी सोडलं तुळशीले, अन् आल्या घरात, निजल्या.”

“मले विचारलं काय त्याईनं?”

“मनकर्णा कुठी गेली म्हणे. मी म्हटलं, गावाले गेली. म्हणे, बरं झालं, लय काम करते पोरगी.”

पौर्णिमा फोन कानाशी धरून उभी राहिली. समोर दरीत धुकं होतं आणि गारांनी झोडलेल्या झाडांची पानं वाटेवर सगळीकडे पडली होती. मग तिनं किशोरला लावला. तो ऑफिसला निघायच्या घाईत होता.

“बोल ताई, पोचली का नीट?”

“किशोर, मी काल पोरींसोबत असताना झोपून गेली. गारा पडल्या, तंबू पडला अंगावर, मले कळलंही नाही. बारा-तेरा तास मेल्यासारखी पडली होती मी.”

“बापरे. लागलं नाही न?”

“ऐक. मी दोन वर्षांपासून झोपली नाही. तुले सांगितलं नाही कारण तू विचारलं नाहीस. आता सांगून राहिली. माह्याच्यानं एकटीच्यानं होत नाही. तुह्या ऑडिटचं काय कराचं ते तू पाहा. पण तू ये.”

मग तो म्हणाला, “उन्हाळ्यात येतो. महिनाभर.” ती “बरं” म्हणाली. त्याच्या अशा शब्दांवर तिचा फारसा विश्वास उरला नव्हता, पण हे असं स्पष्ट तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं होतं.

शिबिर तिनं पुढे नेलं नाही. दुपारीच बस बोलावली. मुली हिरमुसल्या, पण कोणी कुरकुरली नाही. कॉलेजात पोचल्यावर ती सरळ प्राचार्यांकडे गेली आणि जे झालं ते सांगितलं, आपला तंबू आपणच नीट लावला नव्हता तेही सांगितलं. प्राचार्य बाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. पौर्णिमाला त्या वर्षी कुठल्याही शिबिराला नेमलं नाही, आणि यापुढे दोन शिक्षिका असल्याशिवाय मुली बाहेर न्यायच्या नाहीत असा नियम झाला. स्टाफरूममध्ये काही दिवस कुजबुज झाली. पौर्णिमानं ती ऐकली आणि सोडून दिली. आठवड्यातून तीन रात्री जमुनाबाईनं घरी निजायचं असं मात्र तिनं ठरवून घेतलं, आणि त्या रात्री ती वरच्या खोलीत दार लावून निजायला लागली. पहिल्या काही दिवसांत तिथंही झोप लागायची नाही. कान खालीच असायचे.

मे महिन्यात किशोर खरंच आला. बायकोमुलांना हैदराबादेलाच ठेवून, एकटा. पहिल्या दिवशी तो उत्साहात होता, आईसाठी त्यानं आंबे आणले, तिला जुने फोटो दाखवले. पार्वताबाई त्याला भाऊसाहेब म्हणत होत्या आणि पाहुण्यासारखी विचारपूस करत होत्या. दारापुढच्या चटईवर तो निजायला लागला.

आठवडा झाला नसेल. सकाळी पौर्णिमा वरून खाली आली तेव्हा तो पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात कप, आणि कपातल्या चहावर साय आलेली. आत पार्वताबाई आता कुठं शांत निजल्या होत्या. साईनगरात उन्हाची तिरीप अजून आली नव्हती, कोपऱ्यावर दूधवाल्याची गाडी उभी होती.

“ताई,” तो म्हणाला.

पौर्णिमानं त्याच्या हातातला कप काढून घेतला. “हा मी गरम करून घेतो,” ती म्हणाली. “तू वर जाऊन नीज. दार लावून घेजो.”

तो भिंतीला धरून उठला. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर त्यानं जरा थांबून दम घेतला. पौर्णिमा खाली उभी राहून पाहत होती. तो वर पोचला, खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग ती चहा गरम करायला आत गेली.